माझ्या पाठीमागची भिंत

विद्याधर, तुझ्या भिंतीवरून मी ओलं फडकं फिरवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शिव्या घालायच्या असतील तर सुरुवातीलाच घालून घेशील आणि पुढचं नीट ऐकशील. निम्मं ऐकून उखडायची तुझी सवय मला माहीत आहे. मी तर तुझं निम्मंसुद्धा ऐकायचो नाही, तोवर पानात माशाचा दुसरा तुकडा वाढून घेतलेला असायचा.

मंजिरीवहिनी पुण्याहून परत आल्या त्या फक्त सामान बांधायला. तुझे तेरा दिवस तिकडेच झाले. तुमच्या सईची परीक्षा तेवढी राहिली होती, ती झाली की घर सोडायचं असं त्यांनी ठरवलं होतं. घर म्हणजे तेच, मोहम्मद बिन झायद सिटीतला व्हिला, मालकाने मधे जिप्समच्या भिंती घालून केलेली तीन बिऱ्हाडं आणि त्यातलं मधलं तुमचं. जाताना भिंती होत्या तशा पांढऱ्या करून द्यायच्या, हा इथे आखातात सगळीकडचा नियम. तुला-मला तो कुणी शिकवायला नको. आपण दोघं रंगावरच जगलो. मी मुसफ्फ्यात रंग विकतो आणि तू फुजैराला तेलाच्या टाक्यांना मारलेला रंग तपासायचास. थराची जाडी जराशी कमी भरली की अख्खी टाकी पुन्हा घासायला लावायचास. तुझं नाव निघालं की माझ्या दुकानात बसलेले ठेकेदार चहा अर्धा टाकून उठायचे. मी त्यांच्यापुढे तुझ्या नावाने बोटं मोडायचो आणि शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपली की तुझ्याच घरी जेवायला यायचो.

तुम्ही पक्की पुण्याची माणसं, पण माझ्यामुळे तुमच्या घरात शुक्रवारी सुरमई शिजायला लागली. मासे मी आणायचो. सोलकढी करायला वहिनी माझ्या आईकडून फोनवर शिकल्या, आणि आईने त्यांना पहिल्याच दिवशी "नारळ कमी घातलास गो" म्हणून झापलं, ते तू वर्षभर सगळ्यांना सांगत होतास. ते जेवण, ते तुमचं डगमगणारं टेबल, आणि माझी ती ठरलेली खुर्ची. भिंत आणि टेबल यांच्या मधली. समोर तू.

ती खुर्ची मी का धरली, ते तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. एसीचा झोत इकडे बरा लागतो, असं मी सांगायचो. खरी गोष्ट अशी की मला त्या भिंतीकडे तोंड करून जेवायचं नव्हतं.

तू आधी असा नव्हतास रे. माझ्या घरी दिवाणखान्यात तू काढलेली दाभोळची खाडी आहे. मी मोबाईलवर दाखवलेल्या एका धड नसलेल्या फोटोवरून काढलीस, आणि त्यात संध्याकाळच्या पाण्यावरचा तो पिवळा असा उतरला की आमचे चाचा दुबईहून आले होते, ते चित्रापुढे उभे राहून म्हणाले, "इक्बाल, ह्यात आपल्या जेटीचा वास येतोय." गणपतीची आरास तू करायचास. कुणाच्या पोरीच्या वाढदिवसाला मोर, कुणाच्या घरभरणीला सूर्यफुलं. आणि मग एके दिवशी तू जेवणाच्या खोलीतली अख्खी भिंत काळी करायला घेतलीस. जमिनीपासून छतापर्यंत. त्या काळ्यातून हळूहळू चेहरे यायला लागले. कुणाचे डोळे खोल गेलेले, कुणी दोन्ही हातांनी कान दाबून बसलेला, एकाचं तोंड इतकं उघडं की त्यात मूठ जाईल. दर शुक्रवारी यावं तर गर्दी वाढलेली. मी आत येताना आणि बाहेर जाताना जेवढं दिसायचं तेवढंच पाहायचो. सलाम करायचो आणि पाठ करून बसायचो.

"इक्बाल, एकदा इकडून बस की," तू म्हणायचास.

"जेवताना मला तुझी भुतं नकोत."

"भुतं नाहीत ती."

"मग पाहुणे आहेत का? त्यांनाही वाढा वहिनी!"

वहिनी हसायच्या. तूही हसायचास, पण माझ्याकडे बघत राहायचास. घास हातात तसाच. मला वाटायचं, आता हा पुन्हा त्या म्हाताऱ्याची टकळी लावणार.

तो तुझा स्पॅनिश म्हातारा. तुझ्याकडे त्याचं जाडजूड पुस्तक होतं, कुणीतरी देश सोडून जाताना टाकून दिलेलं. राजाराण्यांची चित्रं काढणारा हा मोठा चित्रकार, दुखण्याने ठार बहिरा झाला, लढाया पाहिल्या, उपासमार पाहिली, आणि म्हातारपणी गावाबाहेरच्या घरात जाऊन राहिला. तिथे त्याने स्वतःच्या भिंतींवर काळी चित्रं काढली. कुणी मागितली नव्हती, कुणाला दाखवायची नव्हती. भेसूर तोंडं, एकमेकांना झोडपणारी माणसं, आणि एका चित्रात नुसतं एका कुत्र्याचं डोकं, वर सगळं रिकामं. ते कुत्रं तू मला किती वेळा दाखवलंस! मी म्हणायचो, ह्या माणसाचा रंग संपला असेल. तू पुस्तक माझ्या डोक्यात घालायला उचलायचास.

"बहिरा माणूस," तू एकदा म्हणालास, "आणि सगळ्यांची तोंडं ओरडणारी. त्याला काय ऐकू येत असेल?"

आपला खरा वाद मात्र चित्रांवरून नव्हता, भिंतीवरून होता. म्हातारा गेल्यावर लोकांनी ती चित्रं भिंतीवरून सोलून कॅनव्हासवर चढवली आणि संग्रहालयात टांगली. तुला ते सहन व्हायचं नाही.

"तो तिथे जेवत होता, इक्बाल. त्या चित्रांसमोर बसून. ते टेबल, ती खिडकी, तो उजेड, सगळं मिळून ते होतं. सोलून नेलं म्हणजे वाचवलं असं नाही होत."

"अरे हबीबी, सोललं नसतं तर तुला कळलं असतं का? भिंतीबरोबर सगळं गेलं असतं. खलास."

"गेलं असतं तर गेलं असतं."

"मग हे पुस्तक उराशी धरून कशाला बसतोस? टाक ना ते."

यावर तू पुस्तक मिटून बाजूला ठेवायचास. मला वाटायचं, मी जिंकलो. मी विजयाने सोलकढीची वाटी तोंडाला लावायचो. आणि पुढच्या शुक्रवारी तू पुन्हा तिथूनच सुरू करायचास.

शेवटी मीच म्हटलं, एकदा माद्रिदला जाऊन बघून येऊ, म्हणजे तुझं डोकं तरी ठिकाणावर येईल. तू हरखलास. व्हिसाला काय काय लागतं ते तू त्याच संध्याकाळी पाठवलंस. ईदच्या सुट्टीत जायचं ठरलं, तर माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. पुढच्या ईदला तुझी टाकी उशिरा संपली. त्याच्या पुढच्या वेळी दुकानात माल आला होता. मी "इन्शाल्ला, पुढच्या वर्षी" म्हणालो, आणि तू म्हणालास, "तुझं इन्शाल्ला मला कळतं रे." राग नव्हता त्यात. राग असता तर बरं झालं असतं, आपण भांडलो असतो आणि भांडणाच्या भरात तिकिटं काढली असती. त्या म्हाताऱ्याची चित्रं तू कधीच पाहिली नाहीस, आणि मीही नाही, आणि आता एकट्याने जायचं मनात येत नाही.

एक शुक्रवार मात्र मला सारखा आठवतो. भिंत काळी होण्याच्या आधीचा. तू उशिरा आलास, हात धुतलेस आणि काही न विचारता सांगायला लागलास. टाकीच्या आत तू जाडी मोजत होतास. आत काय असतं, ते तू मला पूर्वी सांगितलं होतंस. लोखंडाचं मैदान, गुडूप अंधार, आणि आत शिरायच्या गोल झाकणातून येतो तेवढाच उजेड. एक कामगार पाणी प्यायला बाहेर गेला होता. बाहेर त्याला गावाकडून फोन आला, त्याची मुलगी गेली म्हणून. बाहेर सगळे होते, सावलीत बसलेले. त्यांच्यासमोर तो रडला नाही. तो पुन्हा टाकीत शिरला, अंधारात लांब कोपऱ्यात जाऊन बसला, आणि तिथे त्याने हंबरडा फोडला. टाकीत तो आवाज इतका मोठा झाला की कुठून येतोय तेच कळेना. चारी बाजूंनी. वरूनसुद्धा.

"मला वाटलं, त्याच्याजवळ जावं," तू म्हणालास. "पण माझ्या हातात मीटर होतं. मी रीडिंग घेत होतो. मी ते घेतच राहिलो, इक्बाल. ते संपवलं, लिहिलं, आणि मग बघतो तर तो उठून गेला होता."

तुझे हात टेबलावर होते, दोन्ही पालथे. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "अल्ला रहम करे. यल्ला, चल, जेवून घे, थंड होतंय."

माझ्या मनात वाईट काही नव्हतं, हे तुला माहीत आहे. माणूस दुःखात असला की त्याच्या पानात वाढायचं, एवढंच मला आईने शिकवलं. पण तुला त्या दिवशी जेवण नको होतं. तू जेवलास मात्र, निमूट, माझ्यासाठी. आणि पुढच्या शुक्रवारी मी आलो तर भिंतीवर पहिला काळा हात फिरलेला.

तर आता फडक्याचं सांगतो.

तू गेल्यावर माझ्या मनाने घेतलं की ही भिंत वाचवायची. जिप्समचीच तर होती. स्क्रू काढले की पत्र्याच्या चौकटीवरून पाट्या अलगद निघतात. जुन्या पाट्या माझ्या गोदामात, त्या जागी नव्या कोऱ्या, वर पांढरा हात. मालकाला त्याची पांढरी भिंत, मला तुझी काळी. वहिनींना मी फोनवर सांगितलं तेव्हा त्या "बरं, या" एवढंच म्हणाल्या. माझ्या ओळखीचा एक मिस्त्री घेऊन मी आलो. वहिनी स्वयंपाकघरात डबे कागदात गुंडाळत होत्या. टेबल अजून जागेवर होतं, दोन खुर्च्याही, त्या सगळ्यांत शेवटी जायच्या होत्या.

आणि मी काय केलं असेल? आपल्या धंद्यातला कुठलाही माणूस करतो तेच. कशालाही हात लावायचा तर आधी पुसून घ्यायचं. धुळीवर केलेलं काम टिकत नाही, हे तूच तर माझ्या डोक्यात ठोकून बसवलंस. खोके हलवल्याने भिंतीवर धूळ बसली होती. मी बादलीतलं फडकं पिळलं आणि सवयीने, विचार न करता, वरून खाली एक हात मारला.

फडकं काळं झालं. भिंतीकडे पाहिलं तर त्या उघड्या तोंडाच्या माणसाचं तोंडच नाहीसं झालेलं. डोळे वर तसेच, आणि खाली स्वच्छ पांढरी भिंत.

"भाई, ये तो कच्चा रंग है," मिस्त्री म्हणाला.

सगळा जन्म रंग विकण्यात गेला आणि मला एवढंही कळलं नव्हतं. मी बोट टेकवून पाहिलं. कोळसा, काजळी आणि रंगाची पूड, नुसत्या पाण्यात कालवलेली. डिंक नाही, तेल नाही, धरून ठेवणारं काहीही नाही. प्रायमर नसला की ठेकेदाराच्या अंगावर ओरडणारा तू, आणि तू ही भिंत अशी रंगवलीस?

वहिनी दारात आल्या. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, माझ्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं.

"वहिनी, माफ करा, मला वाटलं..."

"असू दे हो, इक्बालभाई. ते पुसण्यासाठीच आहे. मी ओरडले होते ना त्यांच्यावर, घर मालकाचं आहे, एवढं काळं कोण काढणार म्हणून. तेव्हा म्हणाले, तू काळजी करू नको, जाताना ओलं फडकं मार, निघून जाईल."

तेव्हा मला तो डबा आठवला. धुता येणारा पांढरा रंग तू माझ्याच दुकानातून नेला होतास, सगळ्यात चांगल्यातला, आणि मी म्हटलं होतं, भाड्याच्या घराला एवढा भारी कशाला? तू म्हणालास, "पुसायला बरा." म्हणजे भिंतीवर आधी तो थर, आणि त्यावर हे. वहिनींना त्रास नको म्हणून. एवढा अंधार भिंतीवर ओतणारा माणूस आधी बायकोच्या साफसफाईचा विचार करून बसला होता! मला हसूही आलं आणि रडूही आलं, आणि मिस्त्रीसमोर मी दोन्ही केलं.

तरी मी हट्ट सोडला नाही. "जेवढं राहिलंय तेवढं तरी जपून काढू," मी म्हणालो. "वरून काच लावतो, काहीतरी करतो."

"आणि ही जागा?" वहिनींनी बोट दाखवलं.

चित्राच्या मधे, टेबलाच्या जरा वर, तू रंगच लावला नव्हतास. डोक्याएवढी गोल पांढरी जागा. ती मी येता-जाता पाहिली होती. मला वाटायचं, अजून काढायचं राहिलंय.

"मी किती वेळा म्हटलं, एवढं भरून टाका, डोळ्यांना खुपतं. तर म्हणायचे, ते शुक्रवारी भरतं. बाकीच्या दिवशी जेवताना वर बघायचे आणि म्हणायचे, आज अपुरं आहे. इक्बालभाई, बसा तुम्ही."

"कुठे?"

"तुमच्याच खुर्चीवर. बसा ना."

मी बसलो. भिंतीकडे पाठ करून, नेहमीसारखा. वहिनी टेबलाला वळसा घालून तुझ्या खुर्चीवर जाऊन बसल्या, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तू पाहायचास तसं, जरा वर, जरा मागे. त्यांचे डोळे भरून आले. सई आतून टेप घ्यायला आली होती, ती आईच्या मागे थांबली.

"ओह," ती म्हणाली. "अंकल, यू आर इन इट."

तिने मोबाईल वर धरला. "डोन्ट मूव्ह. आय विल टेक अ पिक्चर."

"नको बेटा," मी म्हणालो. का म्हणालो ते मला आता सांगता येणार नाही. तिने वाद घातला नाही. मोबाईल खाली घेतला आणि आईच्या खांद्यावर हात ठेवून ती बघत राहिली. मी हललो नाही. माझ्या मागे काय काय होतं ते मला दिसत नव्हतं, आणि त्यांना दिसत होतं.

म्हणजे सगळे शुक्रवार तू हे बघत होतास. ती सगळी माणसं, त्या टाकीतला तो माणूस, आणि त्यांच्या मधोमध मी, बोटं चाटत, काटे काढत, कुणाची तरी टिंगल करत. तू मला त्यांच्यात का बसवलंस, विद्या? मी पण त्यांच्यातलाच एक आहे, असं तुला दिसायचं का? की त्या गर्दीत एक तरी माणूस जेवतोय, याचं तुला बरं वाटायचं? की मी ज्यांच्याकडे बघत नाही तेच माझ्या मागे उभे आहेत, असं तुला मला सांगायचं होतं? एकदा इकडून बस, असं तू इतक्यांदा म्हणालास. मी बसलो असतो तर चित्र मला दिसलं असतं आणि चित्रातून मी गेलो असतो. हे कळून तू ते म्हणायचास की तुला खरंच मी शेजारी हवा होतो? हे एवढं विचारायचं राहिलं. ह्याचं उत्तर वहिनींनाही माहीत नाही, मी विचारलं.

आणि तो वाद तू जिंकलास. हे तुला ऐकवता यावं म्हणून मी वाटेल ते देईन! त्या पाट्या काढून नेल्या असत्या तर मी गोदामात एक भोक घेऊन गेलो असतो. ते टेबल, ती खुर्ची, समोर तू, हे कशावर चढवणार होतो? तू आठवडाभर माझं डोकं खाल्लं असतंस. खायला हवं होतंस रे.

मिस्त्रीला मी परत पाठवलं. वहिनींनी आणखी एक बादली आणली, सईने तिचा जुना टी-शर्ट फाडून फडकी केली. वरचं मी पुसलं, मधलं वहिनींनी, खालचं सईने. घाई कुणीच केली नाही. इतकी वर्षं ज्यांच्याकडे पाठ करून जेवलो त्यांच्यासमोर मी असा वीतभर अंतरावर उभा होतो, आणि पुसायच्या आधी प्रत्येकाकडे नीट बघत होतो. कान दाबून बसलेल्याच्या बोटांवर तू नखंसुद्धा काढली होतीस. एका म्हाताऱ्याच्या कपाळावर नमाजेला टेकून टेकून पडलेला डाग होता. एकाच्या कानामागे पेन्सिल, आणि हातात मीटर. तो तोंड उघडलेल्या माणसाच्या अगदी शेजारी उभा होता. तुला तिथे जाता आलं नव्हतं, तर भिंतीवर तू गेलास. तुझा चेहरा मला पुसवेना. तो वहिनींनी पुसला, तळहाताने, फडकं न घेता.

बादलीतलं पाणी सई सारखी बदलून आणत होती. भिंत पांढरी होत गेली, आणि ती मधली जागा कुठे संपते ते हळूहळू कळेनासं झालं. बाकी सगळ्यांना पुसावं लागलं. माझ्या जागी पुसायला काहीच नव्हतं. तरी तिथूनही मी एकदा फडकं फिरवलं.